होजाचा चौक

चूक दिसली की मला गप्प बसवत नाही. हा गुण आहे की खोड, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही. माझ्या स्वतःच्या लग्नात मांडवाचा एक खांब ओळंब्यात नव्हता. मी अंतरपाटाच्या अलीकडून मांडववाल्याला तसं सांगितलं. सासरच्या मंडळींना माझी पहिली ओळख झाली ती अशी.

बहारीनमध्ये मला नोकरी लागली तीही याच खोडीमुळे. सत्तरचं दशक संपत आलं होतं. नवरा मनामातल्या एका बँकेत होता आणि मी, पुण्याहून आर्किटेक्चर शिकून आलेली, शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बसून समोरच्या इमारतीतल्या चुका काढत होते. बाजाराजवळ एका तुर्की आर्किटेक्टला माणूस हवं आहे असं कळलं म्हणून गेले. त्याने माझी सर्टिफिकेटं बाजूला ठेवली, बोर्डावरचा एक प्लॅन पुढे केला आणि विचारलं, "कसा आहे?" प्लॅन त्याचाच होता. मी म्हटलं, "जिन्याचं दार उघडलं की खाली उतरणारा माणूस दारामागे चेंगरेल." त्याने प्लॅन नीट पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "शनिवारपासून ये."

तुर्कीत शिकवणाऱ्याला होजा म्हणतात. हा अंकाराच्या कॉलेजात बरीच वर्षं शिकवत होता, म्हणून ऑफिसात आम्ही सगळे त्याला होजाच म्हणायचो. सगळे म्हणजे दोन केरळी ड्राफ्ट्समन, चहा करणारा एक बलुची आणि मी. त्याच्या देशात तेव्हा गडबड चालू होती, कॉलेज उघडं असण्यापेक्षा बंदच जास्त असायचं, म्हणून तो आखातात आला होता. पन्नाशी उलटलेला, हाडकुळा माणूस. बाहेर भाजून काढणारं ऊन असताना हा ऑफिसात हातविणीचा स्वेटर घालून बसायचा. एसीचं बटण बिघडलं होतं, आणि ते दुरुस्त करून घेण्यापेक्षा बायकोने विणलेला स्वेटर घालणं त्याला सोपं वाटायचं. बलुच्याच्या दुधाच्या चहाला तो सूप म्हणायचा आणि स्वतःचा काळा चहा स्वतःच करून छोट्या काचेच्या पेल्यातून प्यायचा.

आमच्या कॉलेजात शिकवलं होतं की आधी खोल्या मांडायच्या. होजाचं उलटं. नवं काम आलं की तो ट्रेसिंग पेपरवर आधी मोकळी जागा काढायचा, तिच्यात कोण कुठून येईल, कुठे टेकेल हे ठरवायचा, आणि मग तिच्याभोवती इमारत. पहिल्या आठवड्यात मी सवयीने दुकानं, जिने, संडास असं सगळं बसवलं आणि मधे जे राहिलं त्यावर 'चौक' असं लिहिलं. त्याने ते ब्लेडने खरवडून काढलं. "उरलेल्या जागेला चौक म्हणत नाहीत," तो म्हणाला. "उरलेली जागा म्हणतात." मला ते पटलं, त्यामुळे राग जरा जास्तच आला.

त्याच सुमारास 'मिक्स्ड-यूज' हा शब्द इंग्रज कन्सल्टंटांबरोबर बहारीनच्या विमानतळावर उतरला होता. खाली दुकानं, मधे ऑफिसं, वर फ्लॅट. ही मंडळी हे असं सांगायची की जणू कालच कुणाला तरी अंघोळ करताना सुचलं आहे. मीटिंगमध्ये होजा शांतपणे मान डोलवायचा आणि ऑफिसात परत आल्यावर भडकायचा. त्याच्या देशात शेकडो वर्षांपूर्वी एकाच आवारात मशीद, शाळा, दवाखाना, हमाम, दुकानं आणि गोरगरिबांसाठी स्वयंपाकघर असायचं. दुकानांच्या भाड्यावर स्वयंपाकघर चालायचं. "त्याला कुणी मिक्स्ड-यूज म्हणत नव्हतं," होजा म्हणायचा. "लोक जेवायला जायचे." व्यापाऱ्यांच्या जुन्या सरायाही तशाच होत्या. खाली वखारी, वर राहायच्या खोल्या, मधे चौक, आणि चौकातून या रस्त्यावरून त्या रस्त्यावर आरपार जायची वाट. होजाच्या पिढीचे तुर्की आर्किटेक्ट तेच सगळं नव्या काळात, काँक्रीटमध्ये, घुमट आणि कमानी न वापरता करू पाहत होते. एक अवाढव्य ठोकळा उभा करायचा नाही, त्याचे लहान लहान भाग करायचे आणि ते चौकांनी जोडायचे. कमानींचा तर त्याला तिटकारा होता. कमान कुणीही नंतर आणून चिकटवू शकतो, सावली चिकटवता येत नाही, असं त्याचं म्हणणं. बहारीनमध्ये तेव्हा पेट्रोल पंपालासुद्धा कमानी लागत होत्या, त्यामुळे आमच्याकडे फार काम नसायचं.

बोलायला हे सगळं ठीक होतं, पण होजाचा स्वतःचा एकही चौक शिल्लक नव्हता. तिकडच्या एका गावात त्याने नगरपालिकेची इमारत केली होती. खाली बाजार, वर वाचनालय आणि लोकांची लग्नं नोंदवायचा हॉल, मधे चौक. पुढच्या नगराध्यक्षाने चौकावर पत्रे घातले, कारण नवऱ्यामुलींवर पाऊस पडत होता. दुसऱ्या गावात बस स्टँड, दुकानं आणि हॉटेल एकत्र केलं. तिथल्या चौकात बसगाड्या धुवायला लागल्या. तिसरा चौक एका बँकेत होता आणि तो मॅनेजरच्या गाडीला नेमका बसला. हे तो तक्रारीच्या सुरात सांगायचा नाही. नातेवाइकांचे आजार सांगावेत तसं ओळीने सांगायचा. एकदा म्हणाला, "मला एकच पाहायचा आहे. वर आभाळ, आणि खाली कुणीही येऊन बसलेलं. तेवढा झाला की मी घरी जाईन."

असा चौक बांधायची त्याला एकच संधी मिळाली. ती हाजीने दिली.

हाजी मनामाशेजारच्या मुहर्रक बेटावरच्या एका जुन्या घराण्यातला. वडिलांचा मोत्यांचा धंदा होता, मोती संपले तसे हे सिमेंटकडे आणि एसीकडे वळले. सत्तरीच्या आसपासचा, बुटका, कमी बोलणारा माणूस. हिंदी फर्डं बोलायचा. त्याच्या वयाच्या सगळ्याच व्यापाऱ्यांना हिंदी यायचं, त्याचं आम्हाला काही विशेष वाटत नसे. मनामाच्या बाजाराला लागून त्याची मोक्याची जागा होती आणि त्याला तिथे दुकानं, ऑफिसं, फ्लॅट असं सगळं एकाच इमारतीत हवं होतं. होजाने त्याला आपल्या देशातल्या सरायांचे फोटो दाखवले. हाजी म्हणाला, "इंशाल्ला." याचा अर्थ हो, नाही किंवा बघू, यांपैकी काहीही होऊ शकतो, म्हणून आम्ही कामाला लागलो.

हाजीबरोबर नेहमी त्याचा पुतण्या असायचा. तो लंडनला शिकून आला होता आणि त्याला चौकावर काचेचं छप्पर, आत एसी, आणि चौकाच्या जागीही दुकानं हवी होती. बाहेरून कमानी. "ऑगस्टमध्ये तिथे कोण बसणार?" तो विचारायचा. खरं सांगायचं तर हा प्रश्न मलाही पडला होता आणि मी तो होजाला विचारलाही होता. त्यावर होजाने आठवडाभर खपून एक सेक्शन काढला, म्हणजे इमारत उभी कापली तर आत कशी दिसेल ते ड्रॉइंग. समुद्राकडून येणारा उत्तरेचा वारा एका बाजूच्या उंच बोळातून कसा आत येतो, सावलीवरून कसा फिरतो आणि दुसऱ्या बाजूने कसा बाहेर पडतो, हे त्याने निळ्या बाणांनी दाखवलं होतं. ड्रॉइंग फार सुंदर झालं होतं. वारा ते बघून ठरवणार नाही हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "वारा नाही, पण हाजी ठरवेल."

चौकाच्या मधोमध काय असावं हे तेवढं राहिलं होतं. कारंजं नको, डास होतात. झाड नको, मुळं तळघरात जातात. प्रेझेंटेशन दोन दिवसांवर आलं तेव्हा होजा म्हणाला, "मधे काहीतरी पाहिजे. थोडं हिरवं, आणि ज्याच्या कडेला बसता येईल. तुझ्या देशात चौक आहेत ना? तुमच्याकडे असतं ते काढ." आणि तो आपल्या बाणांकडे वळला.

मी काढलं. विचार असा केलाच नाही, हातातून आलं. खाली रुंद पायरी, तिच्यावर चौकोनी चौथरा, मधे किंचित आत घेतलेला, वर पुन्हा बाहेर आलेला आणि माथ्यावर झाडासाठी खळगा. एका बाजूला लहानसा कोनाडाही काढला. पायरी बसता यावं इतकी रुंद ठेवली, तेवढी माझी भर. होजाने बघितलं, मापं तपासली आणि प्रमाणं छान आहेत म्हणाला. कोनाड्यावर बोट ठेवून त्याने विचारलं, "दिव्यासाठी?" मी म्हटलं, "हो, दिव्यासाठीच." त्याने तिथे इलेक्ट्रिक पॉइंटची खूण केली.

प्रेझेंटेशनला होजा बाणांवर पाऊण तास बोलला. पुतण्या घड्याळ बघत होता. हाजी प्लॅनवर वाकला होता, चष्मा नाकावर ओढून. मग त्याने कागदाच्या मध्यावर बोट टेकवलं, पुतण्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मफी रूफ." म्हणजे छप्पर नाही. पुतण्या अरबीत काहीतरी तावातावाने बोलला. हाजीने तेच दोन शब्द पुन्हा उच्चारले आणि उठला. परतताना होजा गाडीत एकटाच गुणगुणत होता. त्याच्या सेक्शनने बाजी मारली होती. मी त्याचं अभिनंदन केलं, मनापासून, कारण मला तरी दुसरं काही कारण दिसत नव्हतं.

काम सुरू झालं तरी पुतण्या हटला नव्हता. छपराच्या कैच्या बसवता येतील असे कॉलम ठेवा, पुढे-मागे लागलं तर, असं तो दर महिन्याला सांगायचा आणि होजा दर महिन्याला नको म्हणायचा. आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं की हाजीचं वय झालं आहे आणि पुतण्याच्या हाताला एक जरी निमित्त लागलं तरी चौकावर काच चढेल. मग होजाचा हाही गेला असता, आणि यापुढे आणखी एक मिळण्याइतकं त्याचं वय राहिलं नव्हतं.

साइटवर कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर वसईचा होता. ख्रिश्चन, माझ्याच वयाचा, तोंडाने फटकळ, कामाला चोख. तिथे मराठी बोलायला मला तो एकच होता. चौथऱ्याचं शटरिंग काढलं त्या दिवशी मी गेले तेव्हा तो कमरेवर हात ठेवून समोर उभा होता.

"मॅडम, एक विचारू? रागवायचं नाय."

"विचारा."

"हे तुळशीवृंदावन हाय ना?"

मी पाहिलं. कागदावर इतके महिने होतं तेव्हा मला ते दिसलं नव्हतं. आता माझ्या छातीइतकं उंच, ओलं काँक्रीट, कोनाड्यासकट. दुसरं काही म्हणताच येत नव्हतं. बहारीनमधल्या एका हाजीच्या इमारतीत, तुर्की आर्किटेक्टच्या सहीशिक्क्यानिशी, म्युनिसिपालिटीच्या मंजुरीसह, मी तुळशीवृंदावन बांधलं होतं. आणि मी काही देवभोळी बाई नव्हे. घरच्या गॅलरीत दोनदा तुळस लावली होती, दोन्ही वेळा ती वाळली, आणि तिसऱ्यांदा लावायचा मी कंटाळा केला होता.

"आमच्या गावात असलाच चौथरा असतो, पण वरती क्रूस," सुपरवायझर म्हणाला. "त्यामुळे माझा काय प्रॉब्लेम नाय. पण तो छोटा अरबाब बघेल ना, साइटवर कोणी हिंदू माणूस त्याला सांगेल, मग खलास."

छोटा अरबाब म्हणजे धाकटा मालक, पुतण्या. बहारीनमध्ये तसं कुणी कुणाच्या देवाधर्माच्या वाटेला जायचं नाही, बाजारात जुनं देऊळही होतं. पण देऊळ देवळाच्या जागी. हाजीच्या दुकानांच्या मधोमध म्हणजे पुतण्याला हवं होतं ते निमित्त मी स्वतःच्या हाताने कोनाड्यासकट करून दिलं होतं. रात्री नवऱ्याला सांगितलं. त्याने जेवता जेवता विचार केला आणि म्हणाला, "अगं, लोक परदेशात जाऊन घर बांधतात. तू वृंदावन आधी बांधलंस." मी त्याला ताक वाढलं नाही.

दुसऱ्या दिवशी होजाला सांगितलं. तो स्वेटरच्या बाह्या वर करून ऐकत होता.

"याची पूजा करतात?"

"बायका करतात. पाणी घालतात, प्रदक्षिणा घालतात."

"प्रदक्षिणा म्हणजे?"

"भोवती फिरायचं."

"म्हणजे सगळ्या बाजूंनी जायला जागा ठेवावी लागते," तो म्हणाला. "तरीच प्रमाण चांगलं आहे." मी फोडून टाकायचं सुचवलं. पण फोडलं तर पुतण्या का फोडलं विचारणार, आणि खोटं बोलणं होजाच्या स्वभावात नव्हतं, येतही नव्हतं. शेवटी म्हणाला, "हाजीला आपण सांगू. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी." मी म्हटलं, "मग चौक गेला." तो म्हणाला, "तीन गेले आहेत. मला जमतं ते." हे बोलताना त्याचा चेहरा इतका साधा होता की मी तोंड फिरवून ब्लेड शोधायला लागले.

गुरुवारी दुपारची नमाज आटोपून हाजी साइटवर आला. पुतण्या बरोबर होताच. होजा पुढे झाला आणि इंग्रजीत म्हणाला की या चौथऱ्याबद्दल काही सांगायचं आहे. हाजीने हात वर करून त्याला थांबवलं. पुतण्याला लिफ्टचं काम कुठवर आलं ते वर जाऊन बघून ये म्हणाला. लिफ्टचं काम सुरूच झालेलं नव्हतं, पण तो गेला. मग हाजी चौथऱ्याभोवती सावकाश एक फेरी मारून माझ्यासमोर उभा राहिला.

"तुलशीला पानी कोन घालनार?" त्याने विचारलं.

मराठीत. उच्चार अरबी, पण मराठीत. होजाला यातलं काहीच कळत नव्हतं, तो आळीपाळीने आमच्या तोंडाकडे बघत होता.

पुढचं हाजी हिंदीत बोलला. त्याचे वडील मोती विकायला मुंबईला जायचे तेव्हा याला बरोबर न्यायचे. पोरगा होता. शेजारच्या इमारतीच्या चौकात एक असंच होतं. त्याची पायरी दिवसभर गार असायची. हा उन्हातून खेळून आला की तिथे जाऊन बसायचा आणि वरच्या मजल्यावरची बाई ओरडायची.

"क्या बोलती थी, मालूम? 'ऊठ तिथून!'" हाजी हुबेहूब तसं ओरडला. दोन मजूर दचकून उभे राहिले. "मराठी में मैं पहला ये सीखा. रोज बैठता था, रोज बोलती थी. बुरी औरत नहीं थी. खाने को भी देती थी. लेकिन बैठने नहीं देती थी."

मी म्हटलं, तिचं तरी काय चुकलं, वृंदावनावर कुणी बसत नाही.

"मालूम है," तो म्हणाला. "पूजा-बिजा मेरे को नहीं मालूम, बाई. वो तुम्हारा. मेरे को बैठने का था. पहले दिन कागज पे देखा, उसी दिन भतीजे को बोला, छत नहीं डालेगा. अभी इसके ऊपर से किसी को 'ऊठ' नहीं बोलने का. हम्माल हो, कोई भी हो. वॉचमन को मैं बोल दूंगा."

मी होजाकडे वळले. सांगायला तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात हाजी आवाज खाली आणून म्हणाला, "उस को नहीं बोलना. वो समझता है, हवा के वास्ते रखा. समझने दो. अच्छा आदमी है."

पुतण्या वरून आला तेव्हा हाजीने त्याला अरबीत सांगितलं की यात मशमूम लावायचं. मशमूम म्हणजे तिथल्या बायका लग्नाकार्यात केसांत माळतात तो सुवासिक पाला, तुळशीची चुलत बहीण म्हणावी असा. मशमूमवर पुतण्याला बोलता येण्यासारखं काही नव्हतं. हाजी गेल्यावर होजाने मला विचारलं, "काय म्हणाला?"

"राहू दे म्हणाला."

"मी सांगितलं होतं," होजा म्हणाला. "ज्याला सेक्शन समजला, तो अशा बारीकसारीक गोष्टींवर अडत नाही."

माझ्या जिभेच्या टोकावर सगळं आलं होतं. इतकी ढळढळीत चूक माझ्यासमोर उभी राहून बोलत होती. घरी येईपर्यंत मी ओठ दाताखाली धरून ठेवले होते. नवऱ्याला वाटलं, माझी दाढ दुखतेय.

इमारत पुरी झाली. कमानी नव्हत्या, म्हणून पहिले काही महिने लोकांना तिथे अजून काम चालू आहे असं वाटायचं. मग बाजारातले हम्माल दुपारी पायरीवर टेकायला लागले. जवळच्या रुग्णालयातल्या नर्स शिफ्ट सुटल्यावर तिथूनच पलीकडच्या रस्त्याला जायच्या आणि जाता जाता जरा थांबायच्या. म्हातारे बहारीनी संध्याकाळी डॉमिनोज घेऊन यायचे. ऑगस्टमध्ये कुणी बसायचं नाही, हे पुतण्याचं बरोबर होतं. सप्टेंबर उलटला की जागा मिळायची नाही. मशमूम हाजीने स्वतः मुहर्रकच्या घरातून आणून लावलं. होजाने एक पान चुरगळून हुंगलं आणि आमच्याकडे हे खिडकीत लावतात, असं म्हणाला. वॉचमन एक पठाण होता. चौथऱ्यावरून कुणाला उठवायचं नाही हा हुकूम त्याला इतका अनाकलनीय वाटला होता की येणाऱ्याजाणाऱ्याला तो आपणहून बसायला लावायचा.

पुढे तेलाचे भाव पडले आणि बहारीनमधली बांधकामं एकेक करून थांबली. तिकडे सौदीचा पूल झाला, इकडे आमचं ऑफिस रिकामं होत गेलं. केरळी दोघे गेले, मग बलुची. एके दिवशी होजाने बोर्डावरची सगळी ट्रेसिंग गुंडाळून ठेवली आणि घरी चाललो म्हणाला. मला वाईट वाटलं, आणि तसं मी त्याला सांगितलंही. तो म्हणाला की वाईट वाटायचं कारण नाही, त्याने तसं ठरवूनच ठेवलं होतं.

विमानाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्याला भेटायला मी चौकात गेले. हिवाळा होता. उत्तरेकडच्या बोळातून खरंच वारा येत होता, अगदी त्या निळ्या बाणांच्या वाटेने. माणसं भरपूर होती. होजा वृंदावनाच्या पायरीवर बसला होता, बुटांसकट, पाय पसरून, चौथऱ्याला पाठ लावून. समोरच्या टपरीतून आणलेला चहाचा पेला त्याने कोनाड्यात, दिव्याशेजारी ठेवला होता. डोक्यावर मशमूम डुलत होतं. त्याच्या वर नुसतं आभाळ.

मला बघून त्याने हात हलवला. "बघ," तो म्हणाला. "वारा. मी म्हटलं नव्हतं? हाजीला सेक्शन कळला म्हणून हे राहिलं."

घशात दोन गोष्टी एकदम आल्या. एक हाजीची हकिकत. आणि दुसरी, कोनाड्यातला तो पेला आणि पायरीवरचे ते बूट बघून आपोआप आलेली, मुंबईतल्या कुणा अनोळखी बाईच्या आवाजातली. ऊठ तिथून. दोन्ही मी गिळल्या.

"हो," मी म्हटलं. "वाऱ्यामुळेच राहिलं."

तो सरकला आणि त्याने हाताने पायरी झटकली. मी चपला काढल्या, मग पुन्हा घातल्या, आणि जन्मात पहिल्यांदा वृंदावनावर बसले.